गावभागातल्या जुन्या घराचं स्वयंपाकघर दोघांनी मिळून नवं करायचं असेल तर

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सांगलीच्या गावभागात सासऱ्यांनी १९८०च्या सुमारास बांधलेलं घर. तळमजल्यावर १० बाय ८ फुटांचं स्वयंपाकघर, कडाप्प्याचा ओटा, आणि भिंतीवरच्या निम्म्या टाइल्स पोकळ वाजतायत. ठेकेदाराने अडीच लाख सांगितले, तुमच्या हाताशी सव्वा लाख आहेत. म्हणून तुम्ही नवरा-बायकोने दिवाळीच्या सुट्टीत स्वतःच काम करायचं ठरवलंय. मधली भिंत पाडून किचन ओपन करता येईल का, कपाटांना मरीन प्लाय घ्यावा की पीव्हीसी, आणि सगळं तीन आठवड्यांत उरकेल का, असं तुम्ही विचारलंय. शेवटी जाता जाता लिहिलंय की २०१९ला घरात कमरेएवढं पाणी होतं.

मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची ओळ ही शेवटचीच आहे, आणि बाकी तिन्ही प्रश्नांची उत्तरं तिच्यावरून ठरतात.

मी गेली २२ वर्षं सांगली-मिरजेत घरांच्या आतली कामं करते. वडील गवंडी होते, त्यामुळे सपाटी बघायची पाणसळ आणि उभी रेषा बघायचा ओळंबा शाळेच्या आधी हातात आला. आपल्या घराचं काम आपल्या हाताने करायची इच्छा मला फार मोलाची वाटते. तुम्हाला परावृत्त करायला मी हे लिहीत नाही. पण काम वाटून कसं घ्यायचं ते नीट सांगायला हवं. माझा नियम साधा आहे: जे भिंतीच्या किंवा फरशीच्या आत जाऊन झाकलं जाणार, ते जाणत्या कारागिराकडून करून घ्या. जे बाहेर राहणार, चुकलं तर पुन्हा काढून लावता येणार, ते स्वतः करा. शटर वाकडं बसलं तर स्क्रू पिळून सरळ करता येतं. भिंतीतला पाइप ठिबकू लागला तर नव्या टाइल्स फोडाव्या लागतात.

आधी पैशाचं बोलते. अशा कामात मजुरी माझ्या अनुभवात एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येते. म्हणजे सगळी मजुरी वाचवली, एकही कारागीर बोलावला नाही, तरी अडीचाचे सव्वा होत नाहीत. खर्च निम्म्यावर आणायचा तर सामान बदलावं लागेल. आणि तुमच्या घराच्या बाबतीत आनंदाची गोष्ट अशी, की पुराच्या दृष्टीने जे सामान योग्य, तेच स्वस्तही पडतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५ला आलं, २०१९ला आलं, २०२१ला पुन्हा आलं. तेव्हा गावभागात किचन करताना पाणी परत येईल असं धरूनच करायचं. मी हे शिकले ते स्वतःच्या कामातून. २०१७ साली नदीजवळच्या एका घरात मी ओट्याखाली सगळं मरीन प्लायचं मॉड्युलर किचन करून दिलं होतं, चांगल्या प्रतीचं. पूर ओसरल्यावर गेले तेव्हा प्लाय बऱ्यापैकी शाबूत होता, पण वरचा लॅमिनेट पापडासारखा उठला होता, बिजागऱ्यांना गंज चढला होता, आणि खालच्या बंद पट्टीमागे चार इंच गाळ बसून कुजत होता. त्या घरच्या काकूंनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. तरी चूक माझी होती. घर कुठे आहे ते न बघता मी कॅटलॉग बघून काम केलं होतं.

मरीन प्लाय, म्हणजे ज्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो तो, ७२ तास उकळण्याच्या चाचणीत टिकावा लागतो. त्याचे थर सुटत नाहीत, हे खरं आहे. पण त्यावर लॅमिनेट चिकटवायला सुतार पुष्कळदा साधा पांढरा गम वापरतात. तो पाण्यात दोन दिवस राहिला की मऊ पडतो. शिवाय प्रत्येक स्क्रूचं भोक आणि प्रत्येक कापलेली कड हे पाण्याला उघडलेलं दार असतं. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, असेल तर बोलायलाच नको, तो ब्रेडसारखा फुगतो. पीव्हीसी आणि डब्ल्यूपीसीला (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेली फळी) पाण्याचं भय नाही, पण जड डबे ठेवले की लांब फळी मधे वाकते आणि स्क्रूची पकड प्लायएवढी राहत नाही.

म्हणून तुमच्यासाठी माझं उत्तर मरीन प्लाय नाही आणि पीव्हीसीचे खोकेही नाहीत. ओट्याच्या खाली आपल्या आज्यांच्या घरात असायच्या तशा विटांच्या किंवा कडाप्प्याच्या उभ्या भिंती ठेवा, त्यांत कडाप्प्याचेच कप्पे. तुमचा जुना कडाप्पा जपून काढला तर तोच कप्प्यांना पुन्हा वापरता येईल. भांड्यांसाठी स्टेनलेस स्टीलच्या सुट्या जाळ्या. दारांना ॲल्युमिनियमची चौकट किंवा डब्ल्यूपीसीची शटर. बिजागऱ्या क्लिपच्या घ्या, म्हणजे एक खटका दाबला की शटर हातात येतं. पाणी वाढायची बातमी आली की अर्ध्या तासात सगळी दारं आणि जाळ्या माडीवर नेता येतात. पाणी गेल्यावर पाइपने गाळ धुवायचा, चुना मारायचा, दारं परत लावायची. खाली बंद पट्टी ठेवूच नका, ठेवलीच तर ओढून काढता येणारी ठेवा. मरीन प्लाय वापरायची हौस असेल तर वरच्या कपाटांना वापरा. तिथे तो कोरडा राहतो आणि वर्षानुवर्षं टिकतो.

जुन्या पाण्याची खूण भिंतीवर अजून दिसत असेल तर तिथे खडूने रेघ मारून ठेवा. विजेचं कुठलंही बटण, सॉकेट, जोड त्या रेघेच्या वर. वायर छताकडून खाली उतरवायची, जमिनीकडून वर चढवायची नाही. स्वयंपाकघराचा एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच, वेगळा घ्या, म्हणजे बाकीच्या घरात उजेड ठेवून तेवढाच भाग बंद करता येतो. आणि एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: पूर दारातून यायच्या आधी मोरीतून येतो. गटाराचं पाणी उलटं फिरून सिंकच्या आणि नहाणीच्या वाटेने घरात शिरतं. बाहेरच्या चेंबरकडे जाणाऱ्या पाइपवर उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या आणि तो साफ करता येईल अशा जागी ठेवा.

आता भिंत. ती पाडता येईल की नाही हे मी इथे बसून सांगू शकत नाही, आणि फोटो बघून सांगणाऱ्यावर तुम्ही विश्वास ठेवू नका. १९८०च्या सुमाराच्या गावातल्या घरांत पुष्कळदा कॉलम नसतात, स्लॅब थेट भिंतींवर टेकलेला असतो. भिंत नऊ इंचांची किंवा त्याहून जाड असेल तर ती भार घेतेय असंच धरून चाला. साडेचार इंची असेल तर ती नुसता आडोसा असण्याची शक्यता जास्त, पण तिच्याही डोक्यावर काय आहे ते बघावं लागतं. माडीवर त्याच रेषेत भिंत आहे का? तुळई टेकलीय का? एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष बोलावून बघून घ्या. पाडायचीच ठरली तर महापालिकेकडे परवानगीची चौकशीही आधीच करा. माझं मत विचाराल तर पाडू नका. १० बाय ८च्या स्वयंपाकघरात ती भिंत म्हणजे सामान लावायला मिळणारी आठ फूट जागा आहे. मोकळं वाटावं म्हणून ती घालवली की डबे ठेवायला वेगळं कपाट करावं लागतं. फार तर तिच्यात ताट सरकवायची एक खिडकी करा, तीही इंजिनिअरला विचारून, वर लिंटेल, म्हणजे भार पेलणारी आडवी पट्टी, टाकून.

तुमच्या घराखाली काळी माती असणार. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि भिंतींना तिरक्या भेगा जातात. अशी भेग असेल तर आजच तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. काच तडकली तर भेग अजून चालू आहे, आणि तिच्यावर कितीही महाग टाइल लावली तरी ती फुटणार. ओलीचंही तसंच आहे. भिंतीला लोणा लागला असेल, पांढरी भुकटी निघत असेल, तर टाइल हे त्यावरचं औषध नाही. जुनं प्लास्टर विटेपर्यंत काढायचं, भिंत वाळू द्यायची, ओल जमिनीतून चढतेय की पलीकडच्या मोरीतून येतेय ते शोधायचं आणि मगच नवं प्लास्टर. हा भाग कंटाळवाणा आहे आणि त्याचा फोटो काढून कुणाला दाखवावासा वाटत नाही. पण तुमच्या टाइल्स पोकळ का झाल्या याचं उत्तर बहुतेक इथेच सापडेल.

गवंड्याला, प्लंबरला आणि वायरमनला नेमकं काय सांगायचं ते लिहिते, कारण काम त्यांच्याकडून घेतलं तरी नजर तुमची हवी.

प्लंबरला: गरम पाण्याला सीपीव्हीसी, म्हणजे उष्णता सोसणारा पीव्हीसी, आणि त्याला त्याचाच सोल्यूशन, साध्या पीव्हीसीचा नाही. सिंकचा सांडपाण्याचा पाइप दोन इंची, फुटाला पाव इंच उतार. झिरी, म्हणजे पाइपसाठी भिंतीत कोरलेल्या खाचा, बुजवायच्या आधी सगळ्या तोंडांना बूच लावून पाइप दाबाखाली भरून ठेवायचा, निदान एक रात्र. सकाळी प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवायचा. ही एक रात्र वाचवायची घाई प्रत्येक जण करतो. तुम्ही करू देऊ नका.

वायरमनला: परवाना असलेलाच माणूस घ्या. जुनं लाकडी पट्टीवरचं वायरिंग असेल तर ते पूर्ण काढा, त्याला नवा जोड देऊ नका. ओव्हन किंवा इंडक्शन २००० वॅटची वस्तू आहे, म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर ओढते. सहा अँपिअरच्या सॉकेटला ती लावायची नाही. तिला १६ अँपिअरचं सॉकेट आणि त्या जाडीची स्वतंत्र वायर. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच, हवाच, ओल्या हातांच्या खोलीत तोच जीव वाचवतो. आणि अर्थिंग खरोखर चालू आहे का ते मीटर लावून दाखवायला सांगा.

गॅसचं तुम्ही दोघं काहीही करू नका, शेगडी हलवायची असेल तर एजन्सीचा माणूस बोलवा. एवढं मात्र लक्षात ठेवा की एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. सिलिंडरच्या कप्प्याच्या दाराला खालच्या बाजूला जाळी हवी. सुरक्षा नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, भिंतीतून आरपार नेलेली नको, आणि पाच वर्षांनी बदलायची.

आता तुमच्या हातचं काम. त्यात पहिलं म्हणजे मापं, आणि त्यातही ओट्याची उंची. बाजारात सरसकट ३४ इंच सांगतात. ज्या बाईने दिवसातून दोनदा तिथे उभं राहायचं तिला कुणी विचारत नाही. सरळ उभं राहून हात कोपरात दुमडा, कोपरापासून जमिनीपर्यंत मोजा आणि त्यातून चार इंच वजा करा. तुम्ही लिहिलंय की सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात आणि सकाळच्या भाकऱ्या अजून त्याच करतात. मग त्यांचं माप आधी घ्या. टेबलाच्या पायांखाली विटा ठेवून ३०, ३२, ३४ इंच अशी उंची करा आणि त्यांना प्रत्येक उंचीवर दोन-दोन भाकऱ्या थापायला सांगा. त्या स्वतःच सांगतील. जागा असेल तर ओट्याचा दोन-अडीच फुटांचा तुकडा खाली घ्या, स्टुलावर बसून भाजी चिरता येईल असा. माझ्या अनेक कामांत सगळ्यात जास्त आशीर्वाद या तुकड्याने मिळवून दिलेत.

मापं घेताना भिंत काटकोनात आहे असं कधीच धरू नका. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फूट, दुसऱ्या भिंतीवर चार फूट खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट भरलं तर कोपरा गुण्यात आहे. नाही भरलं तर किती फरक आहे ते लिहून ठेवा, ग्रॅनाइट कापणाऱ्याला ते लागणार आहे.

तोडफोड तुम्ही दोघं आरामात कराल. पाण्याचा मुख्य कॉक बंद, सिलिंडर बाहेर, मेन स्विच खाली, आणि मगच हातोडा. वरून खाली या. छिन्नी टाइलच्या मागे तिरकी घालून उचलायची, समोरून घण मारायचा नाही, पलीकडच्या खोलीचं प्लास्टर सुटतं. चष्मा, मास्क आणि बंद बूट घातल्याशिवाय एकही टाइल काढू नका. राडारोडा पोत्यांत अर्धाच भरा. पूर्ण भरलेलं पोतं दोघांनाही उचलत नाही आणि कंबर धरते ती महिनाभर.

ओट्याचा दगड मात्र स्वतः बसवू नका. १८ मिलिमीटरचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साडेचार-पाच किलो भरतो, म्हणजे दहा फूट लांब, दोन फूट रुंद ओटा शंभर किलोच्या घरात गेला. सिंकसाठी कापलेल्या जागी त्याची जेमतेम दोन-तीन इंचांची पट्टी उरते आणि उचलताना तिथेच तो मोडतो. वरचा दगड ग्रॅनाइटच घ्या. कडाप्पा चुनखडीचा दगड आहे, लिंबू, चिंच, कोकम सांडलं की डाग धरतो. कप्प्यांना तो उत्तम, ओट्याच्या पृष्ठभागाला नाही.

टाइल्स गवंड्याकडून लावून घ्या, सांधे मात्र तुम्ही भरा. इपॉक्सी ग्राउट थोडा महाग पडतो, पण हळदीच्या गावात राहून साध्या पांढऱ्या सिमेंटचे सांधे भरले तर महिन्यात पिवळे होतात. तो लवकर घट्ट होतो, म्हणून थोडा-थोडाच कालवा आणि टाइलवर राहिलेला लगेच पुसा. रंग, शटर, जाळ्या, सिंकभोवतीचं सिलिकॉन, वरच्या कपाटांची जोडणी, हे सगळं तुमचं. व्हिडिओ बघून जे शिकलात ते इथे उपयोगी पडेल.

राहिला वेळ. दिवाळीच्या सुट्टीत सुरू करू नका. पावसाळा नुकताच संपलेला असतो, भिंतींत ओल भरलेली असते, त्यात नवं प्लास्टर केलं तर निदान सात दिवस त्यावर पाणी मारायचं आणि मग तेही वाळायची वाट बघायची. तीन आठवड्यांत ते बसत नाही, आणि चकली-करंज्या करायला घरात ओटा नसतो. दिवाळी जुन्या ओट्यावर करा. सुट्टीचे दिवस मापं, सामानाची चौकशी, गवंडी-प्लंबर ठरवणं, इंजिनिअरला घर दाखवणं यात घालवा. तुळशीचं लग्न झालं की हातोडा उचला. हवा कोरडी असते, भिंती लवकर वाळतात. आधी तोडफोड, मग झिरी, पाइप आणि वायर, मग प्लास्टर, मग ओटा आणि टाइल्स, मग रंग, शेवटी दारं. तुम्ही दोघं शनिवार-रविवार आणि कारागीर अधले दिवस, असं धरलं तर दीड-दोन महिने लागतील. त्यांतले पंधरा-वीस दिवस तरी चूल पूर्ण बाहेर असेल.

त्या दिवसांसाठी मागच्या पडवीत तात्पुरती मांडणी पहिल्याच दिवशी करा, तोडफोडीच्या आधी. एक टेबल, शेगडी, काढलेला जुना सिंक लोखंडी स्टँडवर बसवून त्याला नळी जोडलेली. सासूबाईंचा पहाटेचा चहा तिथे एकदा होऊ दे, मगच आत हात घाला. घरातलं काम रखडतं आणि माणसं वैतागतात ती बहुतेक वेळा चहा-जेवणाचे हाल झाले म्हणून.

आणि शेवटचं काम तुमच्या मिस्टरांना द्या. पाइप आणि वायर टाकून झाल्यावर, झिरी बुजवायच्या आधी, प्रत्येक भिंतीचे फोटो काढायचे. भिंतीला टेप लावून धरायचा, म्हणजे जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून किती इंचांवर काय गेलंय ते फोटोत वाचता येईल. ते छापून प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा, पुराच्या रेघेच्या वर. दहा वर्षांनी कुणी तिथे खिळा ठोकायला येईल तेव्हा त्याला आधी ते दार उघडून दाखवा.